तीनातून दोन

कायदे दिल्लीत होतात, अंमलबजावणी आमच्याकडे काकू करते. डिसेंबर 2019 मध्ये संसदेने शस्त्र कायद्यात दुरुस्ती केली आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असं ठरवून टाकलं. मूळ विधेयकात तर एकच बंदूक होती. पंजाबातून बराच विरोध झाला, तेव्हा कुठे एकाच्या दोन झाल्या. ज्यांच्याकडे तिसरी होती त्यांना वर्षभराची मुदत मिळाली: 13 डिसेंबर 2020 च्या आत तिची वाट लावा. विका, नाहीतर पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करा.

चांदवडमधल्या आमच्या थोरल्या काकांकडे, म्हणजे नानांकडे, बरोबर तीन होत्या. एक बारा बोअरची दोननळी आणि दोन पॉइंट टू टूच्या रायफली.

दोननळीचा प्रश्नच नव्हता. ती पिकाच्या राखणीची. द्राक्षावर पाखरं उतरली किंवा रात्री मळ्यात कुणाची चाहूल लागली की हवेत एक बार काढायचा. आवाज असा की नाना मळ्यात उठलेत हे पलीकडच्या वस्तीलाही कळावं. तिचं सगळं काम आवाजाचं. टू-टूचं नेमकं उलटं. चाप ओढला की नुसतं ‘कट्’ होतं, आणि द्राक्षाच्या मांडवावर बसलेली साळुंकी मान वळवून बघते, इतकंच. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे हत्यार अगदीच भिडस्त.

आणि तरी ते हत्यार आहे, खेळणं नव्हे. गोळीची जाडी साडेपाच मिलिमीटरच्या आसपास, वजन अडीच ग्रॅमच्या थोडं वर. पण रिकाम्या रानात ती दीड किलोमीटरसुद्धा जाऊ शकते. म्हणून नाना निशाणाच्या पाठीमागे टेकाड असल्याशिवाय कधी नेम धरत नाहीत आणि दुसऱ्या कुणाला धरू देत नाहीत. आज जगभर चालतं ते लांब टू-टू काडतूस 1887 साली अमेरिकेत निघालं. त्याची दारू पेटवणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो, त्यामुळे उडालेलं टोपण पुन्हा भरता येत नाही. नानांकडे अशा पितळी रिकाम्या टोपणांचा एक डालड्याचा डबा आहे. तो कशासाठी ठेवलाय हे विचारायचं नसतं.

आता दोघींची ओळख.

पहिली ब्रनोची. आजोबांनी घेतलेली. नळीवर बारीक अक्षरात चेकोस्लोव्हाकियाचं नाव कोरलेलं आहे. 1 जानेवारी 1993 ला त्या देशाचे दोन देश झाले, म्हणजे जिथे ही जन्मली ते गाव आहे, कारखान्याचं नाव आहे, पण नळीवरचा देश नकाशात नाही. दस्ता अक्रोडाचा, हात फिरून फिरून गुळगुळीत झालेला. बोल्ट वर उचलून मागे ओढला की मध्ये कुठे अडत नाही, खरखरत नाही. नाना तो रिकामाच मागेपुढे करत बसतात. टीव्हीवर बातम्या लागल्या की हमखास. आजोबांनी तिने किल्ल्याच्या डोंगराखाली ससे आणि तितर मारले, हे घरात सगळे अभिमानाने सांगतात आणि 1972 नंतरचं काही सांगत नाहीत. त्या वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला. शिकार संपली, परवाना तेवढा चालू राहिला.

दुसरी आपल्या सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरीची. ती नानांच्या मामांची, मनमाडची, वारसाहक्काने आली. ती आली तेव्हा घरात कुणाला आनंद झाला नाही आणि दुःखही झालं नाही. दस्त्याला वॉर्निश जास्त, लाकूड कमी दिसतं. बोल्ट मागे घेताना मध्येच एकदा थांबतो, मग आपल्याला थोडं जोर लावून त्याची समजूत घालावी लागते. नेम मात्र चोख. नाना हे मान्य करतात, पण दरवेळी ‘तसा’ हा शब्द लावून.

दोघींत नानांचा जीव कुणावर आहे हे ओळखायला निवडणूक लागते. 2019 मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोनदा आचारसंहिता लागली आणि दोनदा बंदुका ठाण्यात जमा करायची वेळ आली. ब्रनो गेली ती काकूच्या जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळून. ऑर्डनन्सची गेली ती खताच्या गोणीत. नावाच्या चिठ्ठ्या नानांनी दोन्हींना लावल्या, पण एकीच्या चिठ्ठीवर अक्षर वळणदार होतं.

तर यातली एक विकायची. मला बोलावलं ते अर्ज लिहायला, कारण घरात माझं अक्षर बरं समजतात. मी गेलो तेव्हा नाना कायद्यातून पळवाट काढण्याच्या उद्योगात होते. आणि गंमत म्हणजे ती होती. शस्त्र कायद्यातच लिहिलंय की केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या रायफल क्लबचा सभासद निशाणेबाजीच्या सरावासाठी टू-टू रायफल वापरत असेल, तर त्याला ही संख्येची मर्यादा लागू नाही.

“म्हणजे मी क्लबात नाव घातलं की झालं,” नाना म्हणाले.

“या वयात?” काकू आतून म्हणाली. “मोतीबिंदू झालाय तुम्हाला.”

“उजवा डोळा झालाय करून. नेम उजव्यानेच धरतात.”

नानांच्या डोक्यात तेजस्विनी सावंत होती. कोल्हापूरच्या या मुलीने 2010 साली म्युनिकला 50 मीटर प्रोन प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळवलं, आणि तेही टू-टूनेच. (पुढे 2024 मध्ये पॅरिसला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक आणलं, तेव्हा नानांनी मला फोन करून फक्त एवढंच विचारलं, “बोअर कुठला?”) प्रोन म्हणजे पालथं झोपून नेम धरणं. झोपणं नानांना जमलं असतं, उठवायला दोन माणसं लागली असती. क्लबचा विषय तिथे मिटला.

मग एक नेमबाज मुलगा रायफली पाहायला आला. नाशिकला सराव करणारा, अदबीने वागणारा. त्याने दोन्ही हातात घेतल्या, ब्रनोचा बोल्ट मागेपुढे केला, “सुंदर आहे आजोबा,” म्हणाला आणि दोन्ही परत ठेवल्या. स्पर्धेची रायफल वेगळीच असते, हे त्याने हळुवारपणे समजावलं. तिचा दस्ता माणसाच्या गालाच्या, खांद्याच्या मापाने पुढेमागे सरकवता येतो, नेम धरायला दुर्बिणीऐवजी बारीक छिद्राची सोय असते, वजन जास्त असतं. नानांना वाईट वाटलं ते रायफल न खपल्याचं नाही. ‘आजोबा’चं.

बाजाराचा कौल मात्र पहिल्या आठवड्यातच स्पष्ट झाला होता. परदेशी बंदुका सामान्य माणसाला आयात करता येणं ऐंशीच्या दशकातच बंद झालं, त्यामुळे देशात आहे तेवढाच जुना विलायती माल हातोहात फिरतो आणि त्याचा भाव चढतच राहतो. ब्रनोसाठी फोनवर फोन. ऑर्डनन्सच्या रायफलीसाठी एक फोन आला, तोही तिच्यासोबत मिळणाऱ्या पेटीसाठी. बैलबाजारात जे होतं तेच: चालता बैल गिऱ्हाईक घेऊन जातं आणि अडेल बैल दावणीला राहतो, मालकाची कडबा घालायची हौस असो वा नसो.

काकूचं म्हणणं सरळ होतं: जिचे पैसे येतात ती विका. शेततळ्याचा कागद फाटलाय. काकू नोव्हेंबर 1986 मध्ये चांदवडला भरलेल्या शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनाला गेली होती. शरद जोशींनी लाखभर बायकांना हिशेब मागायला शिकवलं, असं नाना अजून कधीकधी सुस्कारा टाकून म्हणतात. आकडा नानांचा आहे, सुस्काराही त्यांचाच. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक वस्तूला काकूचा एकच प्रश्न असतो: हिने वर्षभरात काय केलं? आणि ब्रनोने 1972 पासून काहीच केलेलं नव्हतं.

नाना भाव करायला बसले तेव्हा बघवत नव्हतं. ज्या किल्ल्यावर कधीकाळी टांकसाळ होती आणि चांदवडी रुपया पडत होता, त्याच्या पायथ्याला बसून हा माणूस समोरच्याने आकडा सांगितला की मान खाली घालायचा. शेवटी फोन काकूनेच घेतले.

मला वाटलं होतं, नाना हट्टाने ब्रनो ठेवतील आणि ऑर्डनन्सची ठाण्यात जमा करून मोकळे होतील. कायद्याने ते चाललंही असतं. पण त्यांचा विचार निराळा निघाला. मुलं पुण्याला, दोघांनाही बंदुकीचा परवाना नको आहे. नानांच्या मागे परवाना संपणार आणि जी घरात असेल ती आधी जमा आणि मग गंजणार. ब्रनोचा एखादा भाग मोडला तर तो आज मिळायची मारामार. “ऑर्डनन्सचीला गंज लागला तर मला सोसेल,” नाना म्हणाले. “हिचं नाही बघवणार.” जिच्यावर जीव ती विकायची आणि जिच्यावर नाही ती सांभाळायची, हा हिशेब मला आधी उलटा वाटला. पण त्यात काही चूक सापडेना.

त्या वर्षी, 2020 मध्ये, कोरोनामुळे नवरात्रात मंदिरं बंद होती. एरवी आग्रा रोडवर रेणुकामातेच्या दर्शनाला जी रीघ लागते, तिचा मागमूस नव्हता. खंडेनवमीला तिन्ही हत्यारं पाटावर मांडली, हळदकुंकू, झेंडू, सगळं नेहमीसारखं. ब्रनोला दोन फुलं जास्त पडली, ती काकूने टाकलेली.

अर्ज मी सोमवारी, 26 ऑक्टोबरला लिहिला. कायदा असा आहे की स्वतःची बंदूक खाजगीत विकायची तर आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं: कुणाला विकतोय, त्याचा पत्ता काय. त्यानंतर 45 दिवस थांबायचं. गिऱ्हाईकाकडे परवाना हवा, हे वेगळं सांगायला नको. निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार होते, परवान्यावर टू-टूची नोंद असलेले. ते आले, बोल्ट एकदाच मागे घेतला आणि काकूने सांगितलेला आकडा मान्य केला. “का विकता?” असं त्यांनी विचारलं तेव्हा नाना कायद्याचं कलम सांगू लागले आणि काकू शेततळ्याचं.

45 दिवस 10 डिसेंबरला भरले. शुक्रवारी 11 तारखेला ब्रनो गेली, लुगड्यासकट. शेततळ्याला नवा कागद आला, पाणी धरलं. ऑर्डनन्सची रायफल घरात आहे, बोल्ट अजून मध्येच थांबतो. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांची केली आहे, त्यामुळे नूतनीकरणाचा अर्ज लिहायला मला आता पूर्वीइतक्या वेळा चांदवडला जावं लागत नाही.