पस्तिशीतलं तारुण्य

गृहकर्जाचे हप्ते सुरू झाले, कानशिलं पांढरी झाली, हनुवटीवर मात्र अजून अकरावीतलीच मुरुमं. केमिस्ट चेहऱ्याकडे एक नजर टाकतो आणि काउंटरवर ट्यूबा मांडतो. बेन्झॉइल पेरॉक्साइड: अडीच टक्के, पाच टक्के, दहा टक्के. आपण अर्थातच दहा उचलतो, घ्यायचं तर कमी का घ्या? खरं तर अडीचवालंही जवळपास तेवढंच काम करतं. दहात वाढते ती आग आणि सालपटं. शिवाय उशीचा निळा अभ्रा ठिकठिकाणी पांढरा पडतो. चेहऱ्याचं काय व्हायचं ते होवो, अभ्रा हमखास उजळतो.

गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात. एवढा धीर कोणाला? आठवड्याच्या आतच सॅलिसिलिक अ‍ॅसिड येतं, मग वहिनींचा हळदीचा लेप, मग शेजारच्या काकूंची ‘गोरं करणारी’ क्रीम. तिच्यात स्टेरॉइड असलं तर पहिले काही दिवस चेहरा असा खुलतो, की काकूंना साडी घ्यावीशी वाटते. पुढे त्याच स्टेरॉइडची नवी मुरुमं. २०१८ साली सरकारने अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. केमिस्ट नियमाला पक्का. “चिठ्ठी आहे ना?” असं विचारतो, आणि उत्तराआधीच सुट्टे पैसे हातावर ठेवतो.