ट्रेंडवाले सर

सुरतेच्या पर्वत पाटियातल्या एका सोसायटीत साड्यांचे व्यापारी आणि पीएचडीचे उमेदवार एकाच मजल्यावर राहतात. सकाळी लिफ्टमध्ये दोघे एकमेकांना एकच प्रश्न विचारतात, "सध्या काय चालतंय?" शेठ म्हणतात, "जॉर्जेट." आमचे सर म्हणतात, "उपग्रह."

सर मूळचे रावेरचे, केळीवाल्यांच्या घरातले. विषय पीकविमा. पंतप्रधान पीकविमा योजना २०१६ची, म्हणजे विषय तेव्हा कोरा करकरीत. प्रश्नावली छापून होते न होते तोच, २०२० साली, गुजरातनं योजनाच सोडली. सर डगमगले नाहीत, महाराष्ट्राकडे वळले. २०२३ला तिथं एक रुपयात विमा निघाला. सरांनी तो रुपया प्रबंधाच्या शीर्षकात घातला, आणि २०२५च्या खरिपाला सरकारनं तो काढून घेतला. शेठ हळहळले. "माल पडून राहिला ना?" जुन्या स्टॉकचं दुःख त्यांच्याइतकं कुणाला कळणार!

तेव्हापासून सर विम्यावर लिहीत नाहीत. विम्यावरच्या लेखांवर लिहितात. कुठल्या साली किती लेख आले, कोणी कोणाचा हवाला दिला, 'मशीन लर्निंग' कधी शिरलं. लेख कुठलंही मंत्रिमंडळ रद्द करू शकत नाही. जे. एस. चक्रवर्तींनी १९२० साली म्हैसुरात पर्जन्यविम्याची योजना मांडली. वि. म. दांडेकरांनी एकेका शेतकऱ्याऐवजी अख्ख्या भागाचं उत्पन्न मोजा म्हटलं, आणि १९८५ची योजना त्याच वाटेनं गेली. या दोघांचे हवाले कोणी किती वेळा दिले, ते सरांना तोंडपाठ. स्वतंत्र भारतातला पहिला पीकविमा १९७२-७३मध्ये गुजरातेतच निघाला, एच-४ कापसाचा. आणि ते वाण जन्मलं याच सुरतेच्या संशोधन केंद्रात. सर तिथं फिरकलेले नाहीत. कापसाचा आलेख सपाट आहे म्हणे.

परवा रावेरहून, घरून, आबांचा फोन आला. वादळानं केळी आडवी केली होती.

"आबा, हवामान केंद्रावर वाऱ्याचा वेग किती नोंदला?" सरांनी विचारलं. प्रश्न निर्दय वाटला तरी बरोबर होता. हवामानावर बेतलेला विमा बागेच्या आधी केंद्रावरच्या आकड्याकडे बघतो. आकडा आणि बागेतलं नुकसान जुळलं नाही, की त्याला 'बेसिस रिस्क' म्हणतात आणि त्यावर लेखांचा पाऊस पडतो आहे.

"वारा आपल्या बागेतून गेला," आबा म्हणाले. "तिथं जाऊन सही करायले पाह्यजे होती का त्यानं?"

सरांनी वाक्य उतरवून घेतलं आणि आबांना त्यांचं वय, शिक्षण आणि एकूण जमीन विचारली.