पहिली गाडी घेणाऱ्या दौलताबादकरांस सूचना

घरात गाडीचा विषय काढून 'आधी नोकरीचं बघ' हे उत्तर ज्यांना मिळालेलं आहे, अशा अठरा ते चोवीस वयाच्या तरुणांसाठी या सूचना आहेत. अठराच्या आतल्यांनी पुढे वाचू नये. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते. वडील सुटून घरी आल्यावर काय करतील, याची तरतूद मात्र कायद्यात नाही.

स्वस्तात गाडी मिळवण्याचा आमच्या जिल्ह्याने जगाला दाखवलेला मार्ग म्हणजे घाऊक खरेदी. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या मंडळींनी एकजूट करून एका दिवसात १५० मर्सिडीज घेतल्या. सौदा सुमारे ६५ कोटींचा, बहुतेकांना कर्ज स्टेट बँकेचं, व्याज ७ टक्के. त्याच दिवसांत शेतकऱ्याला ट्रॅक्टर १२ टक्क्यांनी पडत होता, असं पत्रकार पी. साईनाथ यांनी लिहून ठेवलं आहे. यावरून नवचालकाने दोन धडे घ्यावेत: ट्रॅक्टर मागू नये, आणि आपल्यासारखे आणखी १४९ जण जमवावेत. हा प्रयोग दौलताबादेत केल्यास संध्याकाळपर्यंत चौघे जमतात. त्यातला एक नुसता चहाला आलेला असतो, उरलेले तिघे खजिनदार कोण यावरून उठून जातात. तेव्हा किरकोळीनेच घ्यावी. शेंद्र्याला २००१ साली स्कोडाचा कारखाना सुरू झाला, म्हणून ती इथे कारखान्याच्या भावात मिळेल, या भ्रमातही राहू नये.

गाडीची निवड घरातली समिती करते. मामा डिझेल म्हणतात, कारण त्यांनी कधीकाळी डिझेल जीप वापरलेली असते. शेजारचे काका विचारतात, "एवरेज किती देती?" आणि आकडा कितीही सांगितला तरी "आमच्या जावयाची बावीस देती" म्हणून निघून जातात. आई सहा माणसं मावतील का ते बघते. मुलाचं मत फक्त रंगापुरतं विचारतात, आणि पांढरा ठरतो. समितीला घाई झाली असल्यास किल्ल्याकडे बोट दाखवावं. १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीहून राजधानी इथे आणली आणि थोड्याच वर्षांत परत नेली. त्याच्या दरबारात शेजारचे काका नव्हते.

बजेट बसत नसल्याने प्रकरण जुन्या गाडीवर येतं. इथे देवगिरीचा इतिहास खरोखर उपयोगी पडतो. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने वेढा घातला तेव्हा रामदेवराय यादव किल्ल्यात निश्चिंत होता, वर पोत्यांच्या थप्प्या रचलेल्या होत्या. धान्य म्हणून पोती उघडली तर आत मीठ निघालं, आणि शरण जाण्यावाचून गत्यंतर उरलं नाही, असं जुने इतिहासकार सांगतात. एवढा अभेद्य किल्ला पोतं न उघडल्यामुळे गेला, आणि त्याच किल्ल्याच्या पायथ्याशी राहणारी माणसं 'डॉक्टरची गाडी आहे, सिंगल हँड आहे' एवढ्यावर बयाणा देऊन येतात!

पोतं उघडण्याची रीत अशी. गाडी बघायला सकाळी, न कळवता जावं आणि आधी बॉनेटला हात लावावा. गरम लागलं तर मालकाने अगोदरच सुरू करून ठेवली आहे. थंड इंजिन पहिल्या सेल्फला काय आवाज करतं, ते तुम्हाला ऐकू येऊ नये म्हणून. मग मीटर बघावं. अडतीस हजार दाखवतंय आणि ब्रेकच्या पेडलचं रबर घासून गुळगुळीत झालंय, तर दोघांपैकी एक खोटं बोलतंय, आणि रबराला बोलता येत नाही. सीट बेल्ट ताणून पार शेवटपर्यंत बाहेर काढावा. रोज वापरला जाणारा भाग धुतलेला असतो. आत गुंडाळलेल्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ दिसली, तर गाडी कुठल्या तरी शहराच्या पुरात बसून आलेली आहे. बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट बघावेत. त्यांच्या कडांचा रंग उडालेला असला, तर पाना लागलेला आहे आणि मालक म्हणतो तसा 'फक्त टचअप' झालेला नाही. एवढं होईपर्यंत मालक दोनदा चहाचं विचारतो. चहा घेऊ नये. घेतला की भाव करताना जीभ जड होते.

कागदांना समितीतलं कुणी हात लावत नाही, ते एजंटाचं काम मानलं जातं. तरी आरसीवर बँकेचा बोजा आहे का, जुनी ई-चलनं थकली आहेत का, हे मोबाइलवर स्वतः बघावं आणि २९-३० चे फॉर्म सहीनिशी हातात पडल्याशिवाय पैसे सोडू नयेत. गाडी नावावर झाली की चौदा दिवसांत विमाही आपल्या नावावर करून घ्यायचा असतो. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस गाडीसोबत येत नाही. तो माणसाचा असतो, त्यामुळे तुमची सुरुवात शून्यापासून.

आता विमा. इथे नवचालकाला एक सुखद धक्का बसतो. विलायतेत सतरा-अठरा वर्षांच्या पोराने जुनी गाडी घेतली तर विम्याचा हप्ता कधी कधी गाडीच्या किमतीहून जास्त होतो. तो कमी व्हावा म्हणून गाडीत काळी डबी बसवतात. पोरगं किती जोरात गेलं, ब्रेक कसा दाबला, रात्री किती वाजता बाहेर होतं, सगळं कंपनीला कळतं. आपल्याकडे हप्ता गाडीची किंमत, तिचं वय, इंजिन आणि पासिंग कुठलं यावर बसतो. चालवणारा एकोणीसचा की एकोणसाठचा, हे सहसा कुणी विचारत नाही. ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, जुन्या विभागणीत मुंबई-पुण्यासह आठ शहरं 'अ' गटात आणि बाकीचा देश 'ब' गटात असल्याने आपल्या एमएच २० ला हप्ता जरा कमीच पडतो. 'ब' गटात असण्याचा फायदा आयुष्यात एवढाच.

काळी डबी नाही म्हणून कुणी हुरळून जाऊ नये. ते काम किल्ल्यासमोरचे सीताफळवाले करतात. पोरगं घरी पोचायच्या आत वडिलांना निरोप असतो: "तुमचं लेकरू घाटात लई जोरात चालवू राह्यलं होतं." या व्यवस्थेला हप्ता नाही, नो क्लेम बोनसही नाही. कंपनी गाडीचा विमा उतरवते. पोराचा गाव उतरवतं.

थर्ड पार्टी सक्तीचा आहे. जून २०२२ च्या दरांप्रमाणे १००० सीसीच्या आतल्या गाडीला वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६, वर १८ टक्के जीएसटी. नव्या गाडीला तो तीन वर्षांचा एकदम भरावा लागतो. विमा नसताना पकडलं तर पहिल्या वेळी दंड २,००० रुपये, म्हणजे हप्त्याच्या जवळपास. काही हुशार मंडळी यावरून दंड भरणंच परवडतं असा हिशेब मांडतात. त्यांनी कुणाला धडक दिल्यावर न्यायाधिकरण भरपाईचा आकडा सांगतं, तेव्हा शेत विकायला काढावं लागतं. हा भाग विनोदाचा नाही.

'फुल्ल इन्शुरन्स' या नावाने जे विकलं जातं, ते फुल्ल नसतं. किल्ल्यातली अंधारी पाहिलेली असेल: शत्रू आत शिरला की वाट कुठे वळते ते कळू नये, अशी केलेली. पॉलिसीतल्या अपवादांचं पान त्याच तत्त्वावर बांधलेलं आहे. शिकाऊ परवान्यावर शेजारी परवानाधारक न बसवता गाडी ठोकली, भरपाई नाही. पाणी शिरलेलं इंजिन सेल्फ मारमारून फोडलं, इंजिन प्रोटेक्ट घेतलेलं नसेल तर नाही. 'चार पर्यटक वेरूळला सोडू, पेट्रोल निघेल' म्हणून पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडं भरलं आणि घाटात घासली, तर मुळीच नाही. आपल्या गावात हा मोह फार, कारण पर्यटक स्वतःहून काच ठोठावतात. हप्ता कमी दिसावा म्हणून एजंट आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, खाली ओढतो, त्यालाही हो म्हणू नये. गाडी चोरीला गेली की कंपनी तोच आकडा देते.

लहानसहान क्लेमचा हिशेब कागदावर करून बघावा. समजा बंपर ४,००० चा. साध्या पॉलिसीत प्लास्टिकला निम्मी घट, राहिले २,०००. त्यातून सक्तीचे १,००० वजा. हाती १,०००, आणि पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस गेला; तो पहिल्या वर्षी २० टक्क्यांवर सुरू होऊन ५० टक्क्यांपर्यंत चढतो. झिरो डेप घेतलं असेल तर घट टळते, बोनस तरीही जातोच.

गाडी दारात आल्यावर पहिली फेरी खुलताबादच्या भद्रा मारुतीची. कंपनी कुठलीही असो, पूजा मारुतीपुढेच. जाताना जुन्या वेशीची कमान लागते; समोरून सहलीची बस आत शिरलेली असेल तर आपण मागे थांबावं, हॉर्न वाजवू नये. ती कमान तोफांना पुरून उरली आहे. घाटात चढावर गाडी थांबलीच तर हँडब्रेक ओढून मग क्लच सोडावा, आणि मागे बसलेल्या मामांना डिझेलबद्दल बोलू द्यावं. शनिवार आणि श्रावण टाळावा. देवळापाशी चारही चाकांखाली लिंबं ठेवतात. गाडी पहिल्या गियरमध्ये पुढे घ्यायची असते, रिव्हर्स पडला तर मागे नारळवाल्याची टपरी आहे. टपरीचं नुकसान थर्ड पार्टीत बसतं. नारळवाल्याने सीताफळवाल्यांना फोन केला, तर ते कशातच बसत नाही.