माझं नाव तेवढं टाक

ऑनलाइन कॉलेजातल्या ग्रुप प्रोजेक्टवर हल्ली फार टीका होते. एक मुलगी रात्र रात्र जागते, बाकीचे चौघं गुण घेऊन मोकळे होतात, पोरं शिकत काहीच नाहीत, अशी पालकांची ओरड आहे. ही ओरड निव्वळ कृतघ्नपणाची आहे. भिंतींच्या कॉलेजाला तीन वर्षांत जे शिकवता आलं नाही, ते ऑनलाइन ग्रुप प्रोजेक्ट एका सत्रात शिकवतो: कामाच्या जवळपासही न फिरकता अहवालावर आपलं नाव कसं आणायचं. पुलाच्या कोनशिलेवर कुणाची नावं असतात आणि पूल कुणी बांधलेला असतो, हे लहानपणापासून पाहणाऱ्या राज्यात या शिक्षणाला व्यवसायाभिमुख नाही म्हणायचं, तर मग कशाला म्हणायचं?

पर्यावरणाचंच घ्या. २२ नोव्हेंबर १९९१ रोजी एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा व्हायला सुरुवात झाली. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. त्यात १०० पैकी २५ गुण क्षेत्रकार्याचे. म्हणजे आपल्या भागातली नदी, रान नाहीतर डोंगर जाऊन पाहायचा, एखाद्या प्रदूषित जागी उभं राहायचं, आसपासची झाडं, किडे, पक्षी नोंदवायचे. हेतू साधा होता. पोरांचे पाय चिखलात जावेत.

मग २०२० साल आलं आणि कॉलेजं बंद झाली. क्षेत्र बाहेर राहिलं आणि कार्य मोबाइलमध्ये आलं. कॉलेजं पुन्हा उघडली, पण तोवर सगळ्यांनाच गोडी लागली होती. मे २०२१ मध्ये आयोगानेच मिश्र पद्धतीचा मसुदा काढून अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकवायला हरकत नाही असं सुचवलं. तेव्हा चिखल धुऊन टाकायला आता कुणाचीच ना नाही.

समजा, एका ग्रुपात पाच जण आहेत. एक पिंपरीचा, एक लातूरचा, एक चिपळूणची, एक सांगलीची आणि एक धडगावचा. विषय ठरतो, ‘मुठा नदीचे प्रदूषण : एक अभ्यास’. पाचांपैकी मुठेच्या काठी कुणीच राहत नाही. मग मुठाच का? तर मागच्या बॅचच्या एका दादाकडे मुठेची वर्ड फाइल तयार आहे. संशोधनाची दिशा आपल्याकडे अशी उपलब्ध साधनसामग्रीवरून ठरते.

व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप निघतो, ‘ईव्हीएस फायनल’. पहिल्या दिवशी उत्साह मावत नाही. डीपीला झाड लावायचं की पृथ्वी, यावर पाऊणशे मेसेज पडतात. कामाची वाटणी होते, सगळे अंगठे दाखवतात. तो अंगठा होकाराचा नव्हता, नुसताच अंगठा होता, हे ग्रुप लीडरला तीन आठवड्यांनी कळतं. दरम्यान कुणाच्या घरी लग्न निघतं, कुणाचा फोन पाण्यात पडतो. पिंपरीच्या मुलाच्या घरी वायफाय आहे, पण त्याला नेटवर्क नाही. धडगावच्या मुलाच्या घरी खरोखरच नेटवर्क नाही. तो टेकडी चढून जातो, तिथे उभा राहून तीन पानं पाठवतो आणि वर ‘उशीर झाला, सॉरी’ असंही लिहितो. अशा मुलाचं पुढे कसं होणार, याची मला मनापासून काळजी वाटते.

सबमिशनच्या आदल्या रात्री सामायिक गूगल डॉक उघडलेला असतो. वरच्या कोपऱ्यात रंगीत गोलात निनावी प्राणी येऊन बसलेले दिसतात, एक कॅपिबारा, एक क्वोका. नुसती लिंक धरून आत शिरलेल्यांना गूगल अशी जनावरांची नावं देतो. जैवविविधतेचा एवढा एकच पुरावा त्या अख्ख्या प्रोजेक्टात सापडतो. कॅपिबारा येतो, पाच मिनिटं बघतो, जातो. रात्री पावणेबाराला ग्रुपवर मेसेज पडतो, ‘झालं का गं? माझं नाव तेवढं टाक. स्पेलिंग नीट बघ.’

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि प्रत्येक ग्रुपला सहावा सदस्य मिळाला. सगळ्यात जास्त काम तोच करतो आणि गुण मागत नाही, त्यामुळे तो सर्वांचा लाडका. त्याची एकच खोड, बोलायची सवय. ‘नक्कीच! खाली तुमच्या प्रकल्पासाठी प्रस्तावना दिली आहे’ हे त्याचं वाक्य प्रस्तावनेच्या डोक्यावर तसंच राहतं, प्रिंट होतं, बाइंडिंगवाला त्यावर काळा पुठ्ठा चढवून सोनेरी अक्षरं उमटवतो आणि ब्लॅक बुक तयार होतं. त्यात मुलांनी स्वतः लिहिलेलं पान म्हणजे ऋणनिर्देश. प्राचार्य, विभागप्रमुख, मार्गदर्शक, आईवडील आणि ‘ज्ञात-अज्ञात सहकारी’. यातले अज्ञात सहकारी म्हणजे कोण, हे आता वेगळं सांगायला नको.

शिक्षकांना दोष देणाऱ्यांनी जरा हिशेब करावा. एका तुकडीत १२० मुलं असली, तर एकेकाचे प्रोजेक्ट १२०. पाच-पाचांचे ग्रुप पाडले की २४. संघभावनेचं महत्त्व कॉलेजांना पटलं ते या भागाकारामुळे. त्यातून शिक्षक तासिका तत्त्वावरचे असले, तर त्यांना पैसे शिकवलेल्या तासाचे मिळतात, फायली वाचण्याचे नव्हे. मग ऑनलाइन व्हायवा होतो. ‘स्लाइड नंबर सात कोणी केली?’ शांतता. ‘सर, आवाज तुटतोय.’ पुन्हा शांतता. शेवटी ग्रुप लीडर म्यूट काढते आणि सातवी स्लाइडही समजावून सांगते. पाचांना १८-१८ गुण पडतात. शेवटी एकमेकांचं मूल्यमापन करायचा फॉर्म असतो, त्यात सगळ्यांनी सगळ्यांना १० पैकी १० दिलेले असतात. तिनेही. वर्षभर त्याच ग्रुपात राहायचंय.

या प्रकाराला शास्त्राचा आधार नाही असं कुणी समजू नये. मॅक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता. त्याचे आकडे १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. एकट्याने ओढताना माणूस जेवढा जोर लावतो, तो शंभर धरला, तर दोघांत माणशी ९३ उरतो, तिघांत ८५ आणि आठ जण दोराला लागले की ४९. त्या माणसांना निदान दोरापाशी हजर तरी राहावं लागत होतं. १९७९ मध्ये अमेरिकेत बिब लताने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला सांगून पाहिलं. गटात असताना माणूस ओरडण्यातसुद्धा कुचराई करतो, असं निघालं. त्याच मंडळींना पुढे असंही आढळलं की प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय हे कळलं, की कुचराई ओसरते. ही शेवटची माहिती कॉलेजांपर्यंत पोहोचणार नाही याची काळजी आजवर नीट घेतली गेली आहे.

कारण मोजायचं यंत्र हाताशीच आहे. गूगल डॉकमध्ये व्हर्जन हिस्टरी नावाची सोय असते. कोणत्या खात्यावरून कोणत्या तारखेला, किती वाजता काय टाइप झालं, ते ती वेगवेगळ्या रंगात दाखवते. भिंतींच्या कॉलेजात कोण राबलं आणि कोण कँटीनमध्ये बसलं, याचा पुरावा नव्हता. ऑनलाइनमध्ये तो मिनिटागणिक आहे. म्हणून तर डॉक मागवायचा नाही, पीडीएफ मागवायची. पीडीएफमध्ये सगळे एकाच रंगाचे दिसतात.

आता थट्टा थोडी बाजूला ठेवतो, कारण या ग्रुपकडे मी जरा निरखून पाहिलं. चिपळूणच्या मुलीच्या गावात २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं होतं. पाणी कुठवर चढलं होतं, ते तिला घरच्या भिंतीवर बोट ठेवून दाखवता येईल. सांगलीच्या मुलीने कृष्णेचा २०१९ चा आणि २०२१ चा पूर पाहिला आहे. लातूरच्या मुलाच्या शहराला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. म्हणजे त्या सांगलीवालीच्या जिल्ह्यातलं पाणी त्याच्या शहराने प्यायलं, आणि एका ग्रुपात अख्खं सत्र काढूनही दोघांमध्ये हा विषय निघाला नाही. धडगावच्या मुलाच्या तालुक्यातली नर्मदाकाठची गावं सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेली. पिंपरीवाल्याला पवना पाहायला रिक्षाचेही पैसे पडले नसते.

पुण्यातल्या वर्गात शेजारी शेजारी बसणाऱ्या पाच मुलांना या पाच गावांचं पाणी एका फाइलीत आणता आलं नसतं. ऑनलाइन ग्रुप प्रोजेक्टची खरी किंमत काही असेल, तर ती इथे होती. आणि पाचही जणांनी मिळून दादाच्या वर्ड फाइलमधली मुठा उतरवली. त्यात मुखपृष्ठावरचा फोटो मुठेचा नाहीच, इंटरनेटवरून उचललेल्या कुठल्या तरी भलत्याच नदीचा आहे.

तेव्हा मार्गदर्शक सर आणि मॅडम, पुढच्या सत्रात विषय देताना एवढंच करा. प्रत्येकाला आपापल्या गावची नदी द्या, फोटोत तिच्या काठी तो स्वतः उभा असू द्या, ग्रुप तिघांपेक्षा मोठा करू नका आणि पीडीएफ न घेता डॉकची लिंक घ्या. २५ पैकी गुण भरण्याआधी व्हर्जन हिस्टरी उघडा. तुमचे तास तेवढेच राहतील आणि फायली जास्त होतील, हे खरं आहे. त्याचे पैसे मागण्यासाठी मोर्चा काढणार असाल, तर मीही येतो. माझं नाव आत्ताच टाकून ठेवा.