पांघरुणाचा इतिहास, मुक्काम शेगाव

मुंबईहून शेगावला निघालेल्या प्रवाशाची पांघरुणाच्या प्रश्नाशी पहिली गाठ पडते ती एसी डब्यात, रेल्वेच्या ब्लँकेटशी. हे ब्लँकेट महिन्यातून किमान एकदा धुतलं जातं, असं २०२४ साली लोकसभेत सांगण्यात आलं आणि ते ऐकून बऱ्याच जणांनी पाय आखडून घेतले. वऱ्हाडातल्या गोधडीला मात्र हा आकडा ऐकून लाजच वाटेल, कारण तिला पाणी लागतं ते वर्षातून एकदा, घटस्थापनेच्या आधी. फरक एवढाच की ब्लँकेटखाली महिनाभरात कितीक अनोळखी माणसं घोरून जातात आणि गोधडीखाली तीन पिढ्या घोरल्या तरी आडनाव एकच असतं. अशा जुन्या गोधड्या पाहायच्या म्हणून हौशी माणसं संग्रहालयांची तिकिटं काढतात आणि त्या दिसल्या नाहीत की आपल्याकडे वारशाची कदर नाही म्हणून उसासे टाकतात. उसाशांची काही गरज नाही. गोधडी काचेमागे सापडत नाही याचा अर्थ तिनं आपलं काम पुरं केलं, आणि ज्याला तिचा इतिहास बघायचा त्यानं शेगावला यावं.

पुराव्याला आधी संग्रहालयंच घेऊ. पुण्याला गेलात तर केळकर संग्रहालयात अडकित्ते आणि दिवे असे मांडलेत की गेल्या शतकांत मराठी माणूस सुपारी कातरण्यापलीकडे आणि वाती लावण्यापलीकडे काही करत नसावा असं वाटावं. तो रात्री काय पांघरत होता? पितळेला बोलता येतं, चिंधीला येत नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात चौदाव्या शतकातली सिसिलीची रजई आहे, तिच्यावर ट्रिस्टनची कथा उठवलेली आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत पोर्तुगीजांसाठी बंगालात भरलेली रेशमी पांघरुणंही तिथे आहेत. ही सगळी टिकली कशी? ती श्रीमंतांच्या घरी पडली आणि पांघरण्यापेक्षा दाखवण्यातच त्यांचं आयुष्य गेलं. आपल्याकडे लुगडं आधी अंगावर विरतं, मग त्याचा धडका भाग काढून गोधडीला लागतो, गोधडी विटली की ती नव्या गोधडीच्या पोटात जाते, तिथून बाळाच्या खाली, बैलाच्या पाठीवर आणि शेवटी चुलीपुढच्या पोतेऱ्यात. इतक्या नोकऱ्या केल्यावर संग्रहालयाला द्यायला उरतं काय?

तरीही ज्याला कालखंड, थर, पुरावा असलं काही हवं असतं, त्यानं एखाद्या म्हाताऱ्या गोधडीचा कोपरा उसवून पाहावा (घरातल्या बाईच्या परवानगीनं, नाहीतर प्रवास तिथंच आटोपेल). वर फुलाफुलांची नायलॉनची साडी, तिच्याखाली इरकली काठाचा पट्टा, त्याखाली आजोबांचं धोतर, आणि मधेच मांजरपाटावर निळ्या रंगात अर्ध्या उमेदवाराचं नाव. निवडणुकीचे फलक कापडाचे होते तोवर लोकशाहीची ऊब खरोखर शेवटच्या माणसापर्यंत पोचत होती. फ्लेक्स आले आणि ती थांबली, कारण फ्लेक्स अंगाला चिकटतो. हे थर दाभणानं, जाड दोऱ्याच्या धावदोऱ्यानं, कडेकडून आत चौकोनामागून चौकोन घेत शिवलेले असतात. उन्हाळ्यात रान मोकळं झालं की ओसरीवर कापड अंथरायचं, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे आणि चारही बाजूंनी बायकांनी बसायचं, ही रीत. टाका कुठे बारीक, कुठे ढोबळ झालेला दिसतो. बहुधा ढोबळ झाला तिथे गप्पा रंगल्या असाव्यात.

यातली सगळ्यात गमतीची गोष्ट तिच्यात नसलेली आहे. पांढऱ्या सोन्याच्या मुलखातली ही गोधडी, पण तिच्यात रुईचं बोंडभर नाव नाही, सगळं जुनेर. अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांची कापसाविना उपासमार झाली, वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे शेगाववरून नागपूरला पोचली, १८७० मध्ये शेजारच्या खामगावच्या बाजारासाठी जलंबहून फाटा टाकला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. कापूस गेला आणि गिरणीचं कापड होऊन परत आला. पिकवणाऱ्याला रुई विकून पैसे करायचे होते, म्हणून रुईची गादी सावकाराच्या माडीत आणि पांघरायला फाटकं कापड शेतकऱ्याच्या ओसरीत. ही बाजारपेठ गोधडीइतक्या थोडक्यात कुठल्याही गॅझेटियरला सांगता आलेली नाही.

आता कुणी म्हणेल, वस्तू मिळत नसली तर इतिहासाचा प्रवेश उभा करा, वेशभूषा करा. शेगावच्या बुलढाणा जिल्ह्यात त्याचीही वाण नाही. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला सिंदखेड राजाला १२ जानेवारीला जिजाऊंचा जन्मोत्सव भरतो, तेव्हा नऊवारीतल्या जिजाऊ आणि पुठ्ठ्याची तलवार कमरेला लावलेले बालशिवाजी जागोजागी भेटतात. मावळ्याच्या अंगावर चंदेरी रंग मारलेलं चिलखत असतं. पण साध्या शिपायाला लोखंड परवडत होतं कुठे! त्या काळी हिंदुस्थानभर कित्येक सैनिक रुई भरून टाचलेले जाड डगले घालून लढले. वार त्या टाक्यांत अडकायचा. म्हणजे हुबेहूब मावळा करायचा तर त्याला घरातली रजईच शिवून घालायला हवी, आणि जानेवारीच्या थंडीत तो आभारही मानेल. गाडगेबाबांच्या बाबतीत तर कहर होतो. अंगावरच्या चिंध्यांमुळे लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. शाळेच्या स्नेहसंमेलनात गाडगेबाबा उभे करायचे म्हणून पालक नवं कापड आणतात, कातरतात आणि शिंप्याला पैसे देऊन ठिगळं लावून घेतात. बाबांनी हे पाहिलं असतं तर खराटा आधी शिंप्याच्या दुकानात फिरला असता.

या सगळ्यापेक्षा खरं दृश्य गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला शेगावच्या वाटांवर असतं. गावोगावच्या पायी दिंड्या पुढे, आणि मागून येणाऱ्या वाहनात अंथरुणांचा ढीग. पुढच्या टाळ-पताकांचे फोटो निघतात, मागच्या गाडीकडे कुणी ढुंकून पाहत नाही. महाराजांची पोथीसुद्धा अंथरुणाची दखल घेते ती पेटल्यावर: ब्रह्मगिरी गोसाव्याच्या कथेत चिलमीची ठिणगी पडून महाराजांचा पलंग जळतो, म्हणून तो आठवणीत राहिला. रोज रात्री न पेटता ऊब देणाऱ्यांवर अध्याय लिहायचा कुणी?

यावर आक्षेप येणार आणि तो वजनदार आहे. हे गरिबीचे पोवाडे झाले. ज्यांना पर्याय मिळाला त्यांनी गोधडी टाकून मऊ चायना ब्लँकेट घेतलं ते उगाच नाही. कबूल. ओली गोधडी पिळायला दोन बायका लागतात, हे तिचं गुणगान करणाऱ्या पुरुषांना सहसा ठाऊक नसतं. दुसरा आक्षेप, न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयानं १९७१ मध्ये जुन्या गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या, पुढे २००२ मध्ये अलाबामातल्या जीज बेंडच्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्यांचं ह्यूस्टनला प्रदर्शन झालं आणि शिवणारणींची नावं जगाला कळली. मग आपल्या आज्यांचं नाव कुठे? हेही कबूल, नावं लागायलाच हवीत. पण मोठ्या शहरांतल्या दुकानांत आज नव्याकोऱ्या कापडाची, मुद्दाम विटकी दिसणारी गोधडी मिळते, तिच्यावर दुकानाचं नाव असतं, शिवणारणीचं नसतं. सोनं पांघरून चिंध्या विकण्याचा हा प्रकार, त्यापेक्षा आजीची पोतेरं झालेली बरी.

राहता राहिला ढेकणांचा मुद्दा, जो सभ्य माणसं शेवटी आणि हळू आवाजात काढतात. संग्रहालयं कापडातली कीड मारायला ते उणे अंशांत गोठवतात. वऱ्हाड तेच काम पंचेचाळीस अंशांत, फुकटात उरकतं: वैशाखात प्रत्येक गच्चीवर, कुंपणावर, बाजेवर गोधड्या उलट्यापालट्या करून टाकलेल्या असतात, वरचा थर, खालचा थर, काठ, ठिगळं, सगळं उघड्यावर. जिल्ह्यातलं जुन्या गोधड्यांचं सर्वांत मोठं प्रदर्शन तेच, तिकीट नाही, रांग नाही. अडचण इतकीच की ते भरतं त्या महिन्यात मुंबई-पुण्याचा प्रवासी महाबळेश्वरला गेलेला असतो.