कुठले कुलकर्णी?

आमच्या सोसायटीतल्या कुलकर्ण्यांना दुसरा कुलकर्णी भेटला की पहिला प्रश्न ठरलेला: "कुठले?" पुणे, ठाणे ही उत्तरं बाद. मूळ गाव सांगायचं, मग गोत्र, मग कुलदैवत. तुळजापूर म्हटलं तर "या, बसा", बदामीची बनशंकरी म्हटलं तर "म्हणजे कानडी मुलखातले!" चहा निवायच्या आत पाहुण्याची कुणीतरी आत्या यांच्या चुलत्याच्या सासरी दिलेली निघते. न निघाल्यास निघेपर्यंत पाहुण्याला उठू देत नाहीत.

१९५०च्या कायद्यानं मुंबई राज्यातली कुलकर्णी वतनं गेली. यांच्या घरातलं दप्तर मात्र शाबूत आहे. आजोबांच्या मोडीतल्या वह्या, मुंजीतल्या आहेराच्या याद्या, उसनवारीची चोपडी. शेजारच्या पाटलांनी शिडी नेल्याची त्यात नोंद आहे, परत आल्याची नाही. पाटील वारले, नोंद चालू आहे.

खरी इस्टेट म्हणजे 'कर्तबगार कुलकर्णी' ही वही. पहिल्या पानावर जी. ए. त्यांची एकही कथा यांनी पुरी केलेली नाही, पण धारवाडचा पत्ता विचारा. सुधा मूर्ती माहेरच्या हक्कानं दाखल. सोनाली कुलकर्णी दोन असल्यामुळे थोरली पाती, धाकटी पाती अशी खाती रीतसर वेगळी.

मात्र या वहीला खर्चाची बाजू नाही. अडाणी रयतेला कागदात गुंडाळणाऱ्या गावकुलकर्ण्यांवर मुकुंदराव पाटलांनी 'कुलकर्णी लीलामृत' हे अख्खं काव्य रचलं. त्याचं नाव काढलं की यांना कमी ऐकू येतं. (जोतिराव फुल्यांचं नाव काढलं की अजिबातच येत नाही.)

क्रिकेटमध्येही तेच. १९९७, कोलंबो: नीलेश कुलकर्णीनं कसोटीतल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर अटापट्टूला बाद केलं. असा पराक्रम करणारा पहिला भारतीय! हे सांगताना कुलकर्णी खुर्चीतून अर्धे उठतात. नोंद तिथेच संपते. पुढे श्रीलंकेनं सहा बाद ९५२ केल्या आणि त्या डावात नीलेशला दुसरा बळी मिळालाच नाही, हे एकदा मी हळूच काढलं. त्याचे आकडे होते १९५ धावांत एक बळी.

कुलकर्ण्यांनी चष्मा पुसला, वही मिटली.

"१९५ एकट्याच्या नावावर कशा? फेरफार बघावा लागेल."