पुलाच्या अलीकडचे साहेब

लागोसमध्ये या माणसाला शोधत फिरावं लागत नाही. चारचौघांत टेकला की तिसऱ्या वाक्याला तो स्वतःच सांगतो, "आपण आयलंडवर असतो." पहिलं वाक्य ट्रॅफिकवर झालेलं असतं, दुसरं डिझेलच्या भावावर. ड्रायव्हर, गेटवरचा रखवालदार, भाजीवाली, सगळे त्याला 'ओगा' म्हणतात. तिकडचं 'साहेब'च ते. आपणही ओगाच म्हणू; नुसतं नाव घेतलेलं त्यांना खपत नाही.

ओगांचं घर लेकीला. आता नकाशा उघडला तर लेकी हे बेट नाहीच, द्वीपकल्प आहे. पूर्वेकडे चालत सुटलं तर पाय न भिजवता बाहेर पडता येतं. पावसाळा सोडून. पावसाळ्यात लेकीचे रस्ते तुंबतात आणि ओगांचं म्हणणं भूगोलातही खरं ठरतं. ज्याला खरोखर लागोस आयलंड म्हणतात, ते बालोगुनच्या बाजाराचं आणि इडुमोटाच्या रेटारेटीचं जुनं बेट, त्याला चारी बाजूंनी पाणी आहे. पण तिथे फार माणसं असल्यामुळे ओगा त्याला आयलंड मानत नाहीत. इकोयी या जुन्या श्रीमंत वस्तीतली मंडळी मात्र लेकीचं नाव निघालं की जरा जास्तच गोड हसतात. त्या हसण्याचा अर्थ ओगांना नेमका कळतो. म्हणून इकोयीवाला समोर असला की ते नुसतं "व्हिक्टोरिया आयलंडच्या पुढे" असं म्हणून विषय बदलतात.

खाडीपलीकडच्या मेनलँडला आपण जातच नाही, असं त्यांचं ठाम म्हणणं. खाडीवरचा थर्ड मेनलँड ब्रिज जवळजवळ बारा किलोमीटरचा, 1990 साली पुरा झालेला. ओगा तो ओलांडतात ते केवळ नाइलाजाने. विमानतळ इकेजाला, म्हणजे मेनलँडवर. लंडनला जायचं तर तिथून. आई सुरुलेरेत, ती लेकीला यायला तयार नाही, कारण तुमच्याकडे शेजारी बोलत नाहीत म्हणते. मनासारखं अमाला, म्हणजे तिकडचं कंदाच्या पिठाचं जेवण, मिळतं ते आईच्याच गल्लीत. फोनची काच फुटली की इकेजाच्या कॉम्प्युटर व्हिलेजमध्ये, छत्रीखाली स्टुलावर बसलेल्या पोराकडे. शर्ट शिवणारा मुशिनचा, गाडीचा मेकॅनिक मुशिनचा, आणि शनिवारच्या लग्नाच्या मेजवान्या तर झाडून सगळ्या तिकडे. हे वगळलं तर ओगा मेनलँडला अजिबात जात नाहीत.

जाताना पुलावरून डाव्या-उजव्या हाताला काय दिसतं ते ओगांना विचारू नये. पाण्यात खांब रोवून उभी असलेली माकोकोची वस्ती, तिच्यावर तरंगणारा धूर, होड्यांतून शाळेला निघालेली पोरं. नेमका तेवढाच वेळ ओगांना फोनमध्ये काहीतरी तातडीचं असतं.

तर अशा ओगांच्या घरी 2024 च्या फेब्रुवारीअखेर 'इवाजू' आली. भविष्यातल्या लागोसची सहा भागांची ॲनिमेशन मालिका. डिस्नेची, पण कुगाली नावाच्या आफ्रिकी कॉमिक्स कंपनीबरोबर केलेली. कुगालीच्या मंडळींनी 2019 मध्ये बीबीसीशी बोलताना आफ्रिकेत आपण डिस्नेला धूळ चारू अशी बढाई मारली, ती डिस्नेच्या कानावर गेली आणि त्यांनी भांडायच्या ऐवजी काम दिलं. ही हकीकत ओगा अशी सांगतात, की जणू मुलाखतीच्या वेळी कॅमेऱ्यामागे तेच उभे होते.

गोष्ट साधी. बेटावरच्या श्रीमंत घरातली टोला, त्याच घरी कामाला येणारा मेनलँडचा कोले, आणि श्रीमंतांची पोरं पळवणारी टोळी. टोलाला मेनलँड बघायचंय, बाप सोडत नाही. विज्ञानकथेला गरीब-श्रीमंत दाखवायचे असले की एरवी एखादी भिंत बांधावी लागते, नाहीतर दुसरा ग्रह शोधावा लागतो. लागोसने तो खर्च वाचवला. गाड्या उडायला लागल्या, यंत्रं बोलायला लागली, पण खाडी आहे तिथेच ठेवली. मला मालिकेतलं हेच सगळ्यात जास्त आवडलं.

ओगांनाही हेच आवडलं, फक्त वेगळ्या कारणाने. "बघ," ते मादामना, म्हणजे बायकोला, म्हणाले, "किती वर्षांनीसुद्धा आयलंड ते आयलंडच!" बापाची काळजी त्यांना मनापासून पटली. कोले स्वतःच्या अकलेवर यंत्रं शिकतो, त्याचंही कौतुक केलं, "असा मुलगा मिळाला तर इन्व्हर्टरला लावता येईल." टोलाच्या रक्षणासाठी बापाने दिलेला यांत्रिक सरडा बघून तर त्यांनी मालिका थांबवली आणि पुतण्याला विचारलं, हा कितीला पडतो? तेवढ्यात वीज गेली. मिनिटभराने जनरेटर धडधडला आणि भविष्यकाळ होता तिथून पुढे सुरू झाला.

घोटाळा केला तो ड्रायव्हरने. त्याचं घर मेनलँडच्या पार टोकाला. साडेसातला ओगांच्या दारात गाडी लावायची तर पहाटे चारला निघावं लागतं, डान्फो नावाच्या पिवळ्या मिनीबसमध्ये कोंबून घेऊन. त्यानेही मालिका पाहिली होती, गेटपाशी वाट बघताना, फोनवर. सकाळी तो सहज म्हणाला, "ओगा, गाड्या उडायला लागल्या तर बरंच होईल. पुलाचं काम नाही. मी घरून निघालो की थेट तुमच्या गच्चीवर."

ओगा एकदम गप्प झाले. पूल आहे म्हणून त्याला तोंड आहे. तोंडाशी गर्दी आहे, पुढे सोसायटीचं गेट आहे, गेटवर वही आहे. वरून येणाऱ्याचं नाव कोण लिहून घेणार? ड्रायव्हर ठीक, ओळखीचा. पण त्याच्यामागून सगळं मुशिन उडत आलं तर?

ऑफिसला पोचायच्या आतच त्यांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुद्दा टाकला: भविष्याचा विचार करून आकाशालाही गेट असावं. दुपारपर्यंत चौदा अंगठे आले. विरोध कोणाचाच नव्हता. रात्री उशिरापर्यंत वाद चालला तो एवढ्यावरच, की वरच्या गेटचं डिझेल कोणाच्या खात्यावर टाकायचं.